बिशपसाहेबांची टोपली

आमच्या मंडळीत उपकारस्तुतीच्या सणाला लिलाव असतो. नवं धान्य घरात आलं की प्रत्येक घर काहीतरी घेऊन चर्चमध्ये येतं. ज्वारीची कणसं, भोपळा, कोंबडी, अंडी, एखाद्या वर्षी करडूसुद्धा. उपासना संपली की सगळं अंगणातल्या लिंबाखाली मांडायचं आणि बोली लावून विकायचं. ही बोली इतकी वर्षं मी पुकारत आलो.

हे काम मला मानानं मिळालं नव्हतं. मी शेळ्यांचा व्यापारी. येरमाळ्याच्या बाजारात लहानपणी दुसऱ्यांच्या शेळ्यांची दावी धरून उभा राहायचो. तिथून वर आलो, आज स्वतःच्या दोन गाड्या आहेत. पण आमच्या चर्चमध्ये पुढचे बाक मिशनच्या शाळेत आणि दवाखान्यात नोकऱ्या केलेल्या घरांचे. आजोबांच्या नोकरीवर नातवंडं पुढे बसतात. पंचकमिटीसाठी माझं नाव निघालं तेव्हा पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "कमिटीत काय शेळ्या हाकायच्यात?" सगळे हसले. ते हसू मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही. लिलावाला मात्र मीच लागायचो. माझा आवाज हायवेवरच्या ट्रकच्या वर जातो, आणि साध्या भोपळ्यासाठी दोन घरांची चुरस कशी लावायची हे त्यांच्यातल्या कुणाला येत नाही.

या लिलावाची एक रीत आहे. बोली चालू असताना कुणी उठून जायचं नाही आणि पुकारणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. सगळ्यात शेवटी पाहुण्यांची टोपली निघते. बिशपसाहेब सणाला आले की फळांची टोपली आणतात, तिच्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. त्या टोपलीवर "तीन वार" म्हटल्याशिवाय जेवणाची पंगत बसत नाही. शिजलेलं मटण थंड झालं तरी चालतं, पण रीत मोडत नाही.

माझी धाकटी बहीण चर्चच्या मुलींच्या वसतिगृहात वॉर्डन होती. नवऱ्यानं टाकलेली, माझ्या घरी राहायला तयार नव्हती, स्वतःच्या पगारावर राहायची. वसतिगृह चर्चचं, म्हणून तिचा साहेब म्हणजे आमच्या चर्चचा पाद्री, आमचा पाळक. नोकरी त्याच्या हातात, राहायची खोलीही त्याच्याच हातात. "खास प्रार्थना" करायची म्हणून तो तिच्या खोलीवर यायला लागला. तिथं त्यानं काय केलं ते तिनं पोलिसांना सांगितलं आहे. मी इथं लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच लिहितो की ती नको म्हणाली होती, आणि त्यानं तिला नोकरीचं भय घातलं, ते पुरलं नाही तेव्हा देवाचं घातलं.

तिनं आधी कमिटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. ते निवृत्त मुख्याध्यापक, तिचेही सर आणि माझेही. सर म्हणाले, "उपास-प्रार्थना कर बाळ, प्रभू मार्ग दाखवेल." तिनं उपास केले. पुढच्या महिन्यात बिशपसाहेब सरांच्या घरी आले तेव्हा तिनं त्यांना समोरासमोर सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, चहा घेतला आणि गेले. थोड्याच दिवसांत पाळकाची बदली निघाली. निरोपसमारंभ झाला. शाल, हार, फोटो. भजनाला पेटी वाजवायला माझ्या बहिणीलाच बसवलं, कारण पेटी तिलाच येते. मी तिथंच बसून जेवलो होतो.

त्यानंतरच्या रविवारी ती घरी आली आणि माझ्या बायकोसमोर मला सगळं सांगितलं.

"मला आधी का न्हाय सांगितलंस?" मी म्हणालो.

"सांगून तू काय केलं असतंस? त्याला हाणलं असतंस. मग साऱ्या गावात तुझीच चर्चा झाली असती, त्याची न्हाय."

"अजून बी हाणतो."

"हेच म्हणतेय मी," ती बायकोकडे बघत म्हणाली. "वहिनी, याला जरा बसवा."

मी बसलो. मग ती म्हणाली, "दादा, त्याला जिथं पाठवलाय ना, तिथं बी पोरींचं वसतिगृह हाय. त्याचा चार्ज त्याच्याकडंच दिलाय. त्याला तिथनं काढायचा. आणि बिशपसाहेबांनी चारचौघांत म्हणायचं की मी त्यांना सांगितलं होतं. बाकी मला काय नको."

आम्ही दोघं बिशपांच्या बंगल्यावर गेलो. बराच वेळ बाहेर बसवून मग आत घेतलं. साहेब प्रेमानं बोलले. "भाऊ, बदली झाली आहे. घडलं ते वाईट घडलं. आता मंडळीची शांती बघा. क्षमा हा आपला मार्ग आहे."

"त्याच्या हातात पोरी दिल्यात तुम्ही," मी म्हणालो. आवाज चढला होता. बाहेरचा शिपाई दारात येऊन उभा राहिला.

साहेबांनी हातानंच शिपायाला परत पाठवलं. मग म्हणाले, "तुमच्यासारख्या कर्त्या माणसाची मंडळीनं कदर केली नाही, हे माझ्या कानावर आहे. पंचकमिटीत या वेळी तुम्ही असायला हवं. मी बोलतो."

आमच्या बाजारात शेळीचा सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात रुमालानं झाकतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. बाजूला उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. साहेबांचे दोन्ही हात टेबलावर उघडे होते, तरी मला तो रुमाल दिसला. आणि एक गोष्ट मला धंद्यानं शिकवलेली आहे. मागितल्याशिवाय कुणी काही वर द्यायला लागला, की आधी शेळीचं तोंड उघडून दात बघायचे.

खोटं कशाला लिहू, क्षणभर मला ती खुर्ची दिसली. पुढचा बाक दिसला. बहीण माझ्याकडे बघत होती.

"दादा, तुला कमिटी पाहिजे तर घे," ती म्हणाली. "मी इथनं पोलीस ठाण्यात चाललेय. येतोस का बस धरू?"

मी गेलो. ठाण्यात तिनं सगळं सांगितलं, मी बाहेर बाकावर बसलो. पोलिसांनी चर्चच्या कार्यालयाला विचारलं तर तिथून उत्तर आलं की असली कुठलीही तक्रार आमच्याकडे कधी आलीच नाही. म्हणजे बहीण खोटी ठरली. पाळक नव्या गावात वसतिगृहाच्या चाव्या कमरेला लावून फिरत होता. मी सरांच्या घरी दोनदा गेलो. एकदा झोपले आहेत म्हणून सांगितलं, एकदा तुळजापूरला गेले आहेत म्हणून. सर तुळजापूरला कशाला जातील?

मग सण आला आणि पाहुणे म्हणून बिशपसाहेब आले. कमिटीनं मला लिलावाला बोलावलं. त्यांना वाटलं असेल, हा गडी माइक हातात आला की सगळं विसरतो.

ज्वारी विकली, कोंबड्या विकल्या, भोपळ्यावर दोन सुनांची जुंपवून दिली. लोक हसले. अंगणात आणून टाकलेल्या पुढच्या बाकावरचे एक दवाखान्यातले काका म्हणाले, "गड्याचं तोंड अजून चालतंय." मग टोपली आली. साहेबांनी प्रार्थना केली. मी टोपली उचलली आणि सगळीकडे फिरवली.

"ही टोपली मी पैशावर विकत नाही," मी म्हणालो. "हिची बोली एकच माणूस लावणार. बिशपसाहेब."

पुढचं मी पाठ करून आणलं होतं. पण साहेबांच्या चेहऱ्यावरचं ते प्रेमळ हसू बघून माझं डोकं फिरलं, आणि तोंडातून शिवी निघाली. लहान पोरं बसली होती, बायका बसल्या होत्या. कुजबुज सुरू झाली. आणखी एक वाक्य बोललो असतो तर सगळं तिथंच संपलं असतं. लोक माझ्या शिवीबद्दल वर्षभर बोलले असते आणि बहिणीचं कुणालाही आठवलं नसतं.

ती मागच्या चटईवरून उठली. माइक मागितला नाही.

"साहेब, सरांच्या घरी मी तुम्हाला सांगितलं होतं का न्हाय?"

साहेब म्हणाले, "बाई, हा विषय इथला नाही."

"एक वार," मी म्हणालो.

कुणी उठलं नाही. रीत होती. कमिटीतल्या एकानं मला गप्प करायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला, कारण बोली चालू होती.

"साहेब, हो म्हणा नाहीतर न्हाय म्हणा," ती म्हणाली.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

"दोन वार."

तेव्हा सर उठले. काठी बाकाला अडकली, ती सोडवायला त्यांना वेळ लागला. ते साहेबांकडे बघत नव्हते, माझ्या बहिणीकडे बघत होते.

"सांगितलं होतं," सर म्हणाले. "मी तिथं होतो. मी तिला उपास करायला लावले. ज्यानं करायला पाहिजे होते त्याला न्हाय लावले."

साहेब उठले, गाडीत बसले आणि गेले. टोपली माझ्या हातात राहिली. मी "तीन वार" म्हणालो नाही. बोली लावणाऱ्यानं उत्तरच दिलं नव्हतं.

त्या दिवशी पंगत बसली नाही. बायकांनी मटण-भात डब्यांत भरून घरोघर दिला. माझी बायको म्हणाली, "अहो, म्हणून टाकायचं होतं, लेकरं उपाशी गेली." तिचंही चुकलं नाही.

सर पोलिसांकडे जाऊन जबाब देऊन आले. पाळकाला त्या वसतिगृहातून काढलं, अटक झाली, आता जामिनावर आहे. बहिणीची नोकरी गेली ती गेलीच. ती नळदुर्गला एका शाळेत पेटी शिकवते. बिशपसाहेब त्यांच्या खुर्चीवर आहेत. तक्रार दडवल्याबद्दल त्यांच्यावर आम्ही वेगळा अर्ज केला आहे, तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आहे. आणि आमच्या मंडळीला या सगळ्यात सर्वांत जास्त काय लागलं असेल, तर पंगत मोडली ते. पाळकानं काय केलं यावर दबक्या आवाजात बोलतात. पंगतीवर मोठ्यानं बोलतात.

गेल्या आठवड्यात कमिटीतले ते दवाखान्यातले काका बाजारात मला शोधत आले. शेळ्यांच्या गर्दीत रुमाल नाकाला लावून उभे राहिले.

"सण जवळ आलाय," ते म्हणाले. "मागच्या टोपलीचा निकाल लागल्याशिवाय यंदाचा लिलाव कसा लावायचा? तुम्ही तेवढं तीन वार म्हणून टाका. कमिटीत तुमचं नाव पण घेतलंय आम्ही."

मी एका गिऱ्हाइकाला शेळीचे दात दाखवत होतो. ते दाखवून झाले, मग त्यांच्याकडे वळलो.

"काका, म्हणतो की. साहेबांना घेऊन या. माझी बहीण अजून मागंच उभी हाय."