चेंगणान राजाची आई

मरुदवाणन वाद्यारांनी, म्हणजे मास्तरांनी, पुन्नैक्कुडीच्या शाळेत एकतीस वर्षं तमिळ शिकवलं, पण गाव त्यांना ओळखायचं ते कोच्चेंगणान चोळ राजाच्या गोष्टीसाठी. मासी महिन्यात सदयम नक्षत्रावर राजाचा दिवस यायचा. गावच्या उंच जोत्यावरच्या शिवालयात त्या दिवशी वाद्यार रंगायचे. मागच्या जन्मी राजा आठ पायांचा कोळी होता, पिंडीवर पाचोळा पडू नये म्हणून जाळं विणायचा आणि एक हत्ती ते रोज मोडायचा. म्हणून राजा झाल्यावर त्याने हत्तीला चढता येणार नाही अशी देवळं बांधली. मग यायची राणी, या राजाची आई. तिला कळा लागल्या तेव्हा जोशी म्हणाले, थोडा उशीर झाला तर पोर तिन्ही लोकांवर राज्य करील. राणी म्हणाली, मला उलटं टांगा. मूल मुहूर्तावर आलं, लालभडक डोळ्यांचं. आईने ते एकदा पाहिलं आणि प्राण सोडला. इथे वाद्यार मुद्दाम थांबायचे. बाया पदराने डोळे पुसायच्या आणि मग उकडलेल्या हरभऱ्यांचं सुंडल प्रसाद म्हणून वाटलं जायचं.

घरी मात्र वाद्यारांची एक वही होती. डाव्या पानावर लोक सांगतात ते, उजव्या पानावर जुन्या गाण्यांत सापडतं ते. डावं पान ओसंडून वाहत होतं. उजवीकडे एक मोठी लढाई, पडलेले हत्ती, उंच देवळं, बस्स. कोळी नाही, राणीही नाही. आईवेगळी वाढलेली त्यांची लेक पूंगोदै विचारायची, "अप्पा, हे देवळात का नाही सांगत?" वाद्यार हसून विषय बदलायचे. खरं कारण असं, की टिपं गाळणारा श्रोता सोडवत नाही.

त्या वर्षी राजाच्या दिवसाच्या आदल्या सकाळी पूंगोदैला कळा लागल्या आणि तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. साडेअकराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. बाळाचे ठोके मंदावत होते, पोट लगेच उघडायला हवं होतं, नाहीतर आईचाही भरवसा नव्हता. संमतीचा कागद त्यांनी जावयाच्या, कदिरेसनच्या हातात दिला.

पण सदयम लागणार होतं तीन चाळीसला. कदिरेसनची आई वडिवांबाळ पंचांग उघडूनच बसली होती. बाई दुष्ट नव्हती. सुनेसाठी तिने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पण राजाचं नक्षत्र चार तासांवर आलेलं, ते सोडायचं कसं? ती म्हणाली, "राणी उलटी टांगून राहिली. आपली पोर तर पलंगावर निजलीय. काय वाद्यार, तुम्हीच सांगा."

कदिरेसननेही त्यांच्याकडेच पाहिलं. लहानपणी तो देवळात पहिल्या रांगेत बसायचा.

आपणच पेरलं ते असं उगवलं, म्हणून वाद्यारांना स्वतःची किळस आली.

"विहीणबाई, ती राणी खरी नाही," ते म्हणाले.

"कोण म्हणतं?"

"मीच. राजा खरा, लढाई खरी. राणीची गोष्ट भक्तांनी कितीतरी काळाने जोडली. मला ठाऊक होतं. तुम्ही रडायचात, म्हणून मला सांगायला आवडायची."

"म्हणजे इतकी वर्षं आम्हाला फसवलंत?"

"फसवलं. मला काय बोलायचं ते मागाहून बोला. कदिरेसा, सही कर. अरे, गोष्टीतसुद्धा आई मरतेच."

कदिरेसनने सही केली. वडिवांबाळने पंचांग मिटलं आणि वाद्यारांकडे पाठ केली.

पाऊण तासाने नर्स आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. वाद्यार फरशीवर फतकल मारून हमसून हमसून रडले. नर्सला वाटलं, मुलगी झाली म्हणून म्हातारा रडतोय. तिने त्यांना चांगलंच झापलं. त्यांनी ते बोलणं आनंदाने ऐकून घेतलं. छातीवरचा धोंडा उतरला होता, आता कोणीही काहीही बोललं तरी चालणार होतं.

कदिरेसनने कॉफी आणली. वडिवांबाळने दिवसातला पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "सदयम हुकलं, पण आत्ताच्या या अविट्टम नक्षत्रावर पोर झाली की कोंड्याच्या मडक्यातसुद्धा सोनं सापडतं म्हणतात. आता हेही खोटं आहे म्हणू नका."

वाद्यार म्हणाले, आज ते कशालाच खोटं म्हणणार नाहीत.

संध्याकाळी पूंगोदै शुद्धीवर येऊन झोपली. विहीणबाई तिच्या कपाळावरचे केस सारत बसली होती. जरा वेळाने तिने विचारलं, "उद्या देवळात काय सांगणार?"

"दोन्ही सांगेन. गोष्ट कुठली नि इतिहास कुठला, ते. लोक उठून गेले तर जातील."

"मी नाही जायची," ती म्हणाली. "पण वाद्यार, तुमची राणी खोटी का असेना, आज हिच्याजवळ तुम्ही होतात, तसं तिच्याजवळ माहेरचं एकही माणूस नव्हतं, तेवढं सांगा."