शेवंतीची झोपमोड

आमच्या गल्लीतला उजेड मी घालवला, हे खरं आहे. पण त्यामागे शास्त्र होतं.

नव्वदीच्या दशकात माझी साताऱ्याहून सांगलीला बदली झाली आणि आम्ही सासरी राहायला आलो. (माझ्या सासरी!) सासरे, म्हणजे तात्या, निवृत्त हेडमास्तर. घरापुढे हातभर बाग. साताऱ्यातून निघण्याआधी एका फुलांच्या प्रदर्शनात मी शेवंतीची नवी जात पाहिली होती. शेजारी ती तयार करणारे गृहस्थ गळ्यात हार घालून उभे होते आणि लोक फूल सोडून त्यांच्याकडेच बघत होते. तिथंच मी ठरवलं, आपणही नवी जात काढायची! (फुलांची आवड मला तोवर नव्हती. हारांची होती.)

पुढच्याच हिवाळ्यात कामाला लागलो. पांढऱ्या शेवंतीच्या पाकळ्या कात्रीनं कापायच्या, आत जांभळ्या शेवंतीचे पराग ब्रशानं लावायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची.

"हे काय चाललंय?" माझ्या बायकोनं, सुमननं विचारलं.

"लग्न लावतोय."

"मग बिचारीचे केस कशाला कापले?"

शास्त्राला घरातून असा पाठिंबा होता! तरीही बी धरलं, रोपं आली. सुमन म्हणाली, "कुंड्यांत लावा, हलवता येतील." मी म्हणालो, "संशोधन हलवायचं नसतं," आणि रोपं कंपाउंडलगतच्या वाफ्यात पक्की लावली. ऑफिसात पेढेसुद्धा वाटले.

"रंग कुठला येणार?" साहेबांनी विचारलं.

"जगानं अजून न पाहिलेला!" मी म्हणालो. एक पेढा मीही खाल्ला.

इकडं तात्यांचं वेगळंच व्रत चालू होतं. आमच्या गल्लीत दिवा नव्हता आणि तो यावा म्हणून तात्या वर्षानुवर्षं नगरपालिकेत खेटे घालत होते. तीन नगरसेवक त्यांनी याच कामी म्हातारे केले. अखेर त्या गणपतीत खांब आला, दिवा लागला. नेमका आमच्या कंपाउंडला खेटून! तात्या रोज संध्याकाळी त्याच्याखाली खुर्ची टाकून बसत आणि वर्तमानपत्र उजेडात धरत. वाचत नसत, नुसतं धरत.

माझी शेवंती मात्र माजली. कमरेएवढी झाली, पण कळीचा पत्ता नाही. मिरजेला वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक माझ्या ओळखीचे होते. त्यांना घेऊन आलो. त्यांनी झाडं पाहिली, खांब पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं.

"अहो, शेवंतीला मोठी रात्र लागते. अंधार मिळाल्याशिवाय ती कळी धरत नाही. तुमची झाडं झोपलीच नाहीत!"

मग मी झाडांना झोपवायला लागलो. दिवेलागणीला वाफ्यावर गोधड्या, चादरी, छत्र्या. सकाळी सगळं दवानं ओलंचिंब. चौथ्या गोधडीला सुमननं संप पुकारला. "आज रात्री एक तर झाडं पांघरूण घेतील, नाही तर तुम्ही!"

मी तात्यांकडं गेलो. "तात्या, दिवा दोन महिने बंद ठेवता आला तर..."

तात्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "जावईबापू, हा दिवा यावा म्हणून माझ्या चार चपला झिजल्या."

"विज्ञानासाठी म्हणत होतो."

"विज्ञान उजेडात करायचं असतं. अंधारात जे करतात त्याला वेगळं नाव आहे."

शेजारी लोखंडे राहायचे. रिक्षा चालवायचे, आणि कुठलंही काम सांगितलं तर आधी हो म्हणायचे.

"सायेब, त्यात काय! दिव्याला पोतं घालू की. गुळाच्या अडत्याकडनं आणलेलं हाय एक, लय जाड."

"लोकांना दिसेल ना!"

"कुनाला? आपल्या गल्लीत वर बगून चाललेला मानूस घरी पोचतोय व्हय?"

बिनतोड होतं. गल्लीतल्या खड्ड्यांनी सगळ्यांच्या माना कायमच्या खाली घातलेल्या होत्या. एका दुपारी, अख्खी गल्ली जेवून घोरत असताना, लोखंड्यांनी शिडी लावली, मी ती धरली (नेतृत्व नेहमी खालूनच करावं!), आणि दिव्याला पोतं चढलं.

त्या संध्याकाळपासून दिवा फक्त स्वतःपुरता जळू लागला. कुणी वर पाहिलं नाही. सगळ्यांनी एकमतानं नगरपालिकेला शिव्या घातल्या. तात्यांनी नगरसेवकांना गाठून सुनावलं, "तुम्ही दिवा बसवलात, उजेड बसवायचा विसरलात!" आणि माझ्या शेवंतीला कळ्या आल्या! मी आनंदानं तात्यांना पेढा दिला. तात्यांनी तो अंधारात चाचपडत खाल्ला.

निवडणुका जवळ होत्या. नगरसेवक म्हणाले, "मास्तर, मी स्वतः येतो, वायरमन घेऊन येतो, दिवा ठीक करून रीतसर उद्घाटनच करतो." दिवाळी सरल्यावर एका संध्याकाळी खांबाखाली सतरंजी पडली. वायरमननं वर न बघताच खालचा फ्यूज बदलला. तात्या अध्यक्ष, कडक इस्त्रीत. मी पोतं काढायचं म्हणून लोखंड्यांना सकाळपासून शोधत होतो. ते लांबचं भाडं घेऊन गेले होते. परतले ते थेट भाषण सुरू झाल्यावर.

"अंधारातून प्रकाशाकडं..." म्हणत नगरसेवकांनी बटण दाबलं. प्रकाश आला नाही. आणि त्या गल्लीत बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदाच एका माणसानं मान वर केली.

"ते काय लोंबतंय?"

वायरमननं बांबूनं ढोसून ते खाली पाडलं. पोतं गुळाचं होतं, हे आम्ही विसरलो होतो. गांधीलमाश्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी आत संसार थाटला होता. त्या अशा काही बाहेर पडल्या की सभा क्षणात संपली. अध्यक्ष सतरंजीखाली. वायरमन गटारात. नगरसेवकांनी धोतर सावरत आमच्या कंपाउंडवरून उडी घेतली आणि ते माझ्या वाफ्यात बसले. नुसते बसले नाहीत, लोळले!

माश्या पांगल्यावर सतरंजीतून सुजलेल्या नाकासकट तात्या उगवले. "पोतं कुणाचं?"

"पोतं माजं," लोखंडे प्रामाणिकपणे म्हणाले, "डोस्कं सायबांचं."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. आयुष्यभर मुलांच्या पाठीवर छड्या ओढलेला माणूस जावयाला मारता येत नाही म्हणून कसा थरथरतो, ते मी त्या संध्याकाळी पाहिलं. पोतं उतरल्यामुळं स्पष्ट दिसलंही.

मी वाफ्यात गेलो. सगळी झाडं भुईसपाट. फक्त कोपऱ्यातलं एक उभं होतं, त्यावर टपोरी कळी. तेवढ्यासाठी मी हे सगळं सोसलं, म्हणजे इतरांना सोसायला लावलं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी ती उमलली. पिवळी.

मी फूल खुडून स्वयंपाकघरात नेलं. सुमन पूजेची तयारी करत होती, समोर मंडईतून आणलेल्या फुलांची परडी.

"पिवळीच की हो," ती म्हणाली. "हिच्यात नवीन काय?"

"सामान्य नजरेला नाही कळायचं. थांब, फरक दाखवतो." मी माझं फूल परडीतल्या फुलांशेजारी ठेवलं, चष्मा पुसला आणि घातला.

सुमननं परडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुमचं कुठलं यातलं?"

मी बराच वेळ निरखलं. पाकळ्यांची ठेवण, रंगाची झाक, देठाचा बाक. मग पूर्ण खात्रीनं एक फूल उचललं. "हे!"

"तो झेंडू आहे," सुमन म्हणाली.