गोल धारेचा रंधा

मोर्च्यातल्या फलकांचे दांडे टोचतात, हातात कुसळं जातात, अशी मागच्या वेळी सगळ्यांनीच कुरकुर केली होती. म्हणून मी भंगारातून एक जुना रंधा आणला. पातं सरळ घासलं, तर ते दांड्यांसाठी फोडलेल्या खोक्यांच्या खडबडीत लाकडात अडकायचं. मुनिरका वस्तीतल्या माझ्या खोलीखालचा सुतार हसला, "मॅडम, धार गोल करो, तब मोटा छिलेगा!"

धार गोल केली, जाड ढलप्या अडकू नयेत म्हणून पात्यापुढची फट कानशीने रुंद केली आणि वीस दांडे तासले.

निदर्शनाला कुणीच आलं नाही. ग्रुपवर मात्र पाठिंब्याची रांग. लाज कशी वाटत नाही यांना?

वीसही दांडे एकटीने बसमधून परत आणले. हातात एकही कुसळ गेलं नाही.