पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव

दिगूअण्णाचा हात मोडला तेव्हा मी खाली दुकानाचं शटर आतून ओढून बसलो होतो.

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज अण्णाला जाऊन वर्ष झालं, म्हणून इथं लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अण्णा मूळचा नामपूरचा. अहिराणीत मारधाडीचे पिक्चर काढायचा. हिरो तोच, व्हिलनचा आवाजही त्याचाच. पंचवटीत माझं मोबाईलचं दुकान आणि वरच्या खोलीत त्याचं एडिटिंग.

मी मालेगाव स्टँडवर हातगाडीवर सीड्या विकून वर आलेला माणूस. (सगळ्या पायरेटेड. आता लपवून काय करू?)

म्हणून अण्णाचा धंदा ऐकून मी पोट धरून हसलो होतो. तो ऑनलाइन पिक्चर विकणार, तेही बिनकुलपाचे! एकदा पैसे दिले की फाईल तुमची. कॉपी करा, पेनड्राइव्हवर टाका, हवा तो तुकडा कापा.

"अण्णा, एक जण घेईल आणि अख्खं गाव बघेल."

"देखू दे ना शेठ. कांदानी चाळमा रेंज नही ऱ्हास. कुलूप लावं तर ज्यानी पैसा दिधा, तोच बोंबलत बसस."

कुलपाऐवजी त्याची एक पद्धत होती. लग्नात माईकवर आहेर पुकारतात ना, तसं तो प्रत्येक कॉपीच्या सुरुवातीला गिऱ्हाइकाचं नाव पुकारायचा. स्वतःच्या आवाजात.

"हऊ पिच्चर सटाणाना अमुक भाऊनी ईकत लिधा. राम राम!"

लोक आपलं नाव ऐकायला पिक्चर विकत घ्यायचे. खरंच घ्यायचे.

एका ॲपवाल्याला हे खुपलं. त्याच्याकडं बाकीच्यांचे पिक्चर कुलपात. ते लोक विचारायला लागले, अण्णाचं बिनकुलपाचं चालतं, मग आमचं का नाही?

त्यानं दोनदा निरोप पाठवला. माझ्या ॲपवर ये, नाहीतर बंद कर.

तिसऱ्यांदा माणसं पाठवली. दुपारी तीनला. सहा जण, हातात हॉकी स्टिका.

जिन्यावर पावलं वाजली आणि मी शटर ओढलं.

माझे कान फार तिखट आहेत. बिघडलेला स्पीकर मी नुसता ऐकून सांगतो. त्या दिवशी बहिरा असतो तर बरं झालं असतं.

आधी मॉनिटर फुटला. मग खुर्ची. मग अण्णाचं डोकं भिंतीवर. तो आवाज वेगळा असतो, कळतो.

"हार्डडिस्क कुठंय रे?"

एकेक हार्डडिस्क हातोडीनं फोडली. डाव्या हातानं पासवर्ड टाकायला लावून ऑनलाइनवरचं सगळं डिलीट केलं. डाव्या हातानं, हे मला नंतर अण्णानं सांगितलं, कारण उजवा तोवर मनगटातून लोंबत होता.

आणि मधेच कुणाचा तरी मोबाईल वाजला.

रिंगटोन अण्णाच्याच आवाजात. व्हिलनचा डायलॉग, आणखी एक खा म्हणणारा. "ऊठ रे, आखो एक खाई ले!"

वर एकदम शांत झालं. मग कुणीतरी म्हणालं, "बंद कर ना भो ते." आणि पुन्हा स्टिका चालू झाल्या.

तो डायलॉग नव्या पिक्चरमधला होता. आठवडाभर डबिंग चालू असताना मी छतातून ऐकलेला. आणि तो पिक्चर त्याच दिवशी सकाळी विक्रीला लागला होता. तोवर एकच कॉपी गेली होती.

चांदवडच्या गोरखला. त्याचं नाव पुकारताना मी सकाळीच छतातून ऐकलं होतं.

सकाळी त्यानं पिक्चर घेतला, डायलॉग कापून रिंगटोन केला, आणि दुपारी हात तोडायला आला.

दवाखान्यात अण्णाच्या डोक्याला टाके पडलेले, एक डोळा बंद. मी त्याला रिंगटोनचं सांगितलं. "नाव देऊ पोलिसात?"

"नको."

"अण्णा, येडा झालास का?"

"पोलीस त्याना मोबाईल जमा करतीन. मना पिच्चर आते फक्त त्याना मोबाईलमा शे."

जुने पिक्चर लोकांनी आपापल्या फोनमधून परत पाठवले. नवा मात्र एकाच माणसाकडं होता.

प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून अण्णा चांदवडला गेला. मी सोबत. गोरखनं दार उघडलं आणि आधी माझीच कॉलर धरली.

अण्णा म्हणाला, "पयला पिच्चर दे. मंग मार."

गोरखचा हात सुटला. खाली बघून म्हणाला, "मला वर गेल्यावर कळलं तुमचीच खोली आहे ते. मी दोनच मारले, अण्णा."

"हातवर कोनी मारा?"

"मीच."

"बरं. कॉपी कर."

त्यानं पेनड्राइव्हवर कॉपी करून दिली. पाणी विचारलं. अण्णा प्यायला. मी नाही प्यायलो.

मी म्हटलं, सुरुवातीचं त्याचं नाव तरी काप. अण्णानं कापलं नाही. "ईकत लिधा ना त्यानी?" त्यामुळे अण्णा होता तोवर तो पिक्चर कुणीही घेतला तरी आधी गोरखचं नाव यायचं, मग घेणाऱ्याचं.

आठ महिन्यांनी अण्णाच्या डोक्यातली गाठ फुटली. डॉक्टर म्हणाले, जुन्या माराची आहे.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोलिसात गेलो. गोरखचं नाव दिलं, ॲपवाल्याचंही दिलं. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कुठं होतात?"

"जिन्यापाशी."

आज सकाळी पुन्हा गेलो आणि स्टेटमेंट बदललं. शटरमागे होतो, असं लिहून दिलं.

घरी येऊन लोकांनी परत पाठवलेले अण्णाचे सगळे पिक्चर लावले. नुसती सुरुवात ऐकत गेलो. नांदगावचे भाऊ, सटाण्याच्या ताई, सूरतला कामाला गेलेली पोरं. सगळ्यांची नावं अण्णाच्या आवाजात. हात तोडणाऱ्याचंसुद्धा.

माझं कुठंच नाही.

मी एकही पिक्चर कधी विकत घेतला नाही. घरचाच माणूस म्हणून वर जायचो आणि पेनड्राइव्ह भरून आणायचो, बघून झाले की पुसायचो.

मग अण्णाच्या बायकोला, वहिनींना पैसे दिले. त्यांनी त्या शेवटच्या पिक्चरची फाईल पाठवली. सुरुवातीला गोरखचं नाव आलं आणि लगेच पिक्चर चालू झाला.

दिगूअण्णा, माफ कर. राम राम.