यंदा पाटावर व्हर्नियर नव्हता

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर बाबांचा व्हर्नियर असतो. पुण्यातल्या पहिल्या नोकरीपासूनचा, टोकाशी झिजलेला. लोक तलवारी पुजतात, आम्ही मोजायचं हत्यार पुजायचो. हळदकुंकू, फूल, आणि दसरा होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. कुणाला न मारणाऱ्या हत्यारांचा सण, म्हणून मला तो आवडायचा.

मग इथल्या, जर्मनीतल्या, बाबांच्या कारखान्यातली गाड्यांच्या स्टिअरिंगची कामं आटली आणि क्षेपणास्त्रांच्या भागांची आली. मी गेटवर पत्रकं वाटायला उभी राहिले. मथळा माझाच : 'इथे मरण मोजूनमापून बनतं.' बाबा शिफ्टला आले, एक पत्रक घेतलं, घडी करून खिशात ठेवलं. आमच्या वरच्या मजल्यावरची युक्रेनी बाई तिथं कॅंटीनमध्ये काम करते. तिनं ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं.

"माझी आई खारकीवला आहे," ती म्हणाली. "वरून येणारं क्षेपणास्त्र हवेतच पाडणारं असलंच काहीतरी वेळेवर पोचलं, म्हणून आहे. भाऊ नाही. त्याच्यावर पडलं तेही कुणीतरी असंच नीट मोजून केलं असणार. आईचं काय करायचं, ते तुझ्या कागदावर नाही."

माझ्याकडे उत्तर तयार असतं. बचावाची शस्त्रं विकणारेच हल्ल्याचीही विकतात, गिऱ्हाईक बघत नाहीत. हे मी आजही कुठंही ओरडून सांगेन. तिला नाही सांगता आलं.

यंदा पाटावर विळी, आईची कात्री आणि माझा लॅपटॉप.

"अहो, तुमचा व्हर्नियर राहिला," आई म्हणाली.

"असू दे बॅगेत."

"वर्षाचा दिवस आहे."

"त्याला हळदकुंकू लावायला हात उचलत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं पत्रक वाचलं. बरोबर लिहिलंयस. आल्झो, तर मग, आता उद्या कामावर जाऊ की नको ते सांग. वरची बाई जिन्यात भेटली की माझे आभार मानते. तिला काय सांगू, तेही सांग."

टोमणा असता तर मी भांडले असते. ते खरंच विचारत होते.

जर्मनीत दसऱ्याला सुट्टी कुठली. सकाळी बाबांनी बॅग खांद्याला लावली, आत व्हर्नियर डब्यावर आपटल्याचा आवाज झाला.

"येतो," ते म्हणाले आणि दारात थांबले.

यावर आमच्याकडे 'या' म्हणतात. मला ते म्हणवेना. 'जाऊ नका' हेही म्हणवेना.