नॉरीनसाठी खाल्लेल्या मुंग्या

ऑस्ट्रेलियातल्या कोरमबरा गावात क्लिफ हेबर्डला न ओळखणारं माणूस नाही, आणि त्याच्या जेवणाची टिंगल न केलेलंही नाही. उभा जन्म त्याने गोठ्यागोठ्यांतलं दूध गोळा करायचा टँकर चालवला आणि उभा जन्म रात्री तेच खाल्लं. तव्यावरच्या मटणाच्या चॉप्स, उकडलेले बटाटे, वाटाणे आणि वर टोमॅटो सॉस. कसं झालंय विचारलं की म्हणायचा, "ठीक." त्याची बायको नॉरीन नेमकी उलटी. तिला जगातलं सगळं चाखून बघायचं होतं. पण नवरा ढुंकून बघणार नाही ते एकटीसाठी काय करायचं, म्हणून बिचारी चॉप्सच तळत राहिली. क्लिफला याबद्दल कुणीतरी चार शब्द सुनवायला हवे होते, पण सुनावणार कोण? सगळ्यांच्याच घरी चॉप्स.

मग नॉरीनच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ जाईल, पण किरणांच्या उपचारात जिभेची चवही जाईल. परत येईल का? येईल, किंवा नाही येणार. सोमवारी उपचार सुरू व्हायचे होते. शुक्रवारी नॉरीन म्हणाली, "उद्या मला मेलबर्न दाखव. आणि जेवायचं मी म्हणेन तिथे. तोंड वाकडं केलंस तर याद राख."

तो शनिवार! एवढा मोठा टँकर चालवणारा गडी, पण मेलबर्नच्या चौकात त्याची भंबेरी उडाली. तिथे उजवीकडे वळायचं तर आधी डाव्या कडेला जाऊन थांबायचं असतं. हा ट्रामच्या रुळावरच उभा राहिला. मागे ट्राम घणघणतेय, पुढे लोक हात नाचवताहेत आणि शेजारी नॉरीन पोट धरून हसतेय. शेवटी गाडी एका ठिकाणी लावली आणि दोघं ट्राममध्येच बसले. नॉरीनने खिडकी पकडली. नदीवर गेले, जुन्या बाजारात फिरले, उंच मनोऱ्यावर चढले. तिथून नॉरीन आपल्या गावाकडचे डोंगर शोधत बसली. "ते बघ, आपली गुरं," ती म्हणाली. दिसत काहीच नव्हतं. क्लिफने मान डोलावली.

नॉरीनने निवडलेलं हॉटेल एका बोळात होतं. पाटी नाही, यादी नाही. आचारी पाठवेल ते खायचं. आधी काटेरी कवचातलं समुद्रातलं केशरी, लिबलिबीत काहीतरी आलं. मग कांगारूचं कच्चं मांस, वर जिवंत वाटाव्यात अशा हिरव्या मुंग्या.

"सॉस मिळेल का हो?" क्लिफने वाढणाऱ्या मुलीला हळूच विचारलं.

"ह्यावर सॉस मागितलात तर आचारी रडेल, काका," ती हसत म्हणाली.

क्लिफने ताट बायकोकडे सरकवलं. "माझंही तूच खा."

नॉरीनने ते परत सरकवलं. आता ती हसत नव्हती. "म्हाताऱ्या, पुढच्या महिन्यात मला यातलं काही आठवलं नाही तर मी कुणाला विचारू? भिंतीला?"

क्लिफने डोळे मिटले आणि मुंग्यांसकट घास तोंडात टाकला.

"सांग."

"लिंबासारखं."

"आणि?"

"पावसाने भिजलेल्या गवताची गंजी उघडली की येतो ना... तसा वास. जिभेला."

नॉरीन त्याच्याकडे बघतच राहिली. जे जे आलं ते ते त्याने खाल्लं आणि सांगितलं. आयुष्यात इतकं तो कधी बोलला नव्हता.

उपचार झाले, गाठ गेली, चवही गेली. चहा काय नि गरम पाणी काय, सारखंच. मग रोज जेवताना ती म्हणायची, "सांग." क्लिफ तो शनिवार सांगायचा आणि पानातलंही सांगायचा. सांगायचं म्हणून स्वतःच नवं नवं रांधायला लागला. आलं घातलेला भोपळा, कालवं, एकदा तर शेजारणीकडून शिकून झणझणीत करी. एवढं करूनही तिचा निर्विकार चेहरा बघून त्याला आतून भरून यायचं.

एकदा हिवाळ्यात तो कांद्याचं सूप कसं लागतंय ते सांगत होता. नॉरीन मध्येच म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

क्लिफचा चमचा हवेतच राहिला. "तुला कळतंय?"

ती गोरीमोरी झाली.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून. थोडं थोडं."

"अगं, इतके महिने! मी रोज देवाला... सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू परत गप्प जेवायला लागला असतास."

क्लिफ उठला, खिडकीशी गेला, नाक शिंकरलं. खूप रागवायचं होतं, पण जमेना. परत येऊन बसला. दोघांच्या सुपात मीठ घातलं, ढवळलं, एक चमचा घेतला.

"ऐक आता," तो म्हणाला. नॉरीन हातातला चमचा खाली ठेवून ऐकू लागली.