काचेवरचं रान

शेवाळ वाया गेलेलं बघून ज्याचा जीव तुटतो असा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून एकच आहे, आणि तो माझ्या ताईचा सासरा आहे. तुम्हीआम्ही शेवाळ खरवडतो आणि फेकून देतो. ताईच्या सासऱ्यांना मात्र कुठेही हिरवं दिसलं की पहिला प्रश्न पडतो, हे खाणार कोण? त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात हिंडायचं आणि पावसाच्या आधी परत वर यायचं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दाजींनी, म्हणजे त्यांच्या मुलाने, मेंढरं विकायला लावली. त्यानंतर ते उंबऱ्याबाहेर पडेनात. बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. त्यांचा जीव रमावा म्हणून दाजींनी वारूळवाडीच्या घरात पुढच्या खोलीत माशांची काचेची टाकी आणली आणि ठेवली नेमकी पश्चिमेच्या खिडकीपाशी. उन्हाने थोड्याच दिवसांत काच अशी हिरवीगार झाली की आतले मासे नुसते अंदाजाने ओळखायचे. दाजी ब्लेड घेऊन काच खरवडायला बसले आणि कित्येक महिन्यांनी म्हातारा बाजेवरून उठला. त्यांनी ब्लेड काढून घेतलं आणि म्हणाले, "एवढं रान असं फेकत्यात व्हय? चरणारं जनावर आणा."

मी जुन्नरला राहतो, म्हणून जनावर आणायची कामगिरी माझ्याकडे आली. बाजारपेठेत मासे आणि पोपट विकणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडे आम्ही गेलो. चाचांनी सकर मासा दाखवला. तो काचेला तोंड लावून चिकटला होता. सासरेबुवांनी काचेला नाक लावून त्याचं तोंड निरखलं, पोट बघितलं, चाल बघितली. विकत घ्यायच्या आधी स्वतःहून तोंड दाखवणारं जनावर आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं त्यांनी चाचांना सांगितलं. घरी सकरने सुरुवातीला झकास काम केलं. मग इतर माशांना टाकलेले दाणे त्याला आवडू लागले. तो वीतभर वाढला आणि कोपऱ्यात लोळत टाकी घाण करू लागला. त्याला परत नेऊन त्याच्या जागी बारीक झिंगे आणले. ते बिचारे कामाला लागतात न लागतात तोच टाकीतल्या देखण्या एंजल माशांनी त्यांचा संध्याकाळपर्यंत फडशा पाडला. त्या दिवशी सासरेबुवा जेवले नाहीत. "कळपात लांडगा पाळून आमी राखण करीत बसलो व्हतो," एवढंच म्हणाले. एंजलही परत गेले. आम्ही गल्लीच्या तोंडाशी दिसलो की चाचा शटर अर्धं खाली ओढतात, असा मला संशय येऊ लागला.

शेवटी चाचांनीच ओटो नावाच्या माशाचं नाव काढलं. बोटाच्या पेराएवढा, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात, फक्त शेवाळावर जगणारा. पुण्याहून मागवावा लागेल, आधी एकच नेऊन बघा, असं चाचांचं म्हणणं. सासरेबुवांना ते पटलं नाही. एकलं जनावर चरत नाही, मान वर करून सोबत शोधत राहतं, असं त्यांचं मत. चाचांनी कबूल केलं की हा मासा घोळक्यानेच राहतो. मग घोळकाच आला. ताईचे सासरे त्यांना ओटो कधीच म्हणाले नाहीत, 'रिक्षा' म्हणायचे. रिक्षांनी आठवड्याभरात काच अशी लख्ख केली की पलीकडची खिडकी दिसू लागली. ताईने आनंदाने मला फोन केला. पाठोपाठ सासऱ्यांचाही आला, पण त्यांचा आवाज पडलेला होता. "पावणं, रान संपलं. जनावरांची पोटं खपाटीला गेली."

चाचांच्या सल्ल्याने उकडलेली काकडी टाकून झाली. माशांनी ती खाल्ली, पण ह्यांचं समाधान होईना. रान संपलं की पुढच्या रानाला जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. एका सकाळी त्यांनी दुधाच्या किटलीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात मासे सोडले आणि ते थेट नारायणगावच्या एका सलूनमध्ये गेले. तिथली टाकी हिरवी झाल्याचं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. मासे सोडून घरी यावं की नाही? पण कळप सोडून जायची त्यांना सवयच नव्हती. दिवसभर ते बाकावर बसून राहिले. दाढीसाठी दोनदा बोलावणं झालं, तेव्हा आपली जनावरं चरत आहेत असं सांगून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला जागा दिली. मग एका दातांच्या डॉक्टरकडची टाकी झाली, एका हॉटेलातली झाली. माणूस गुडघ्यांना पट्टे बांधून गावोगाव हिंडू लागला. ताई काळजीने फोन करायची आणि मध्येच हसायला लागायची.

माझ्याकडेही ते किटली घेऊन येत. माझी मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून तिची टाकी तशीच पडली होती. टाकीसमोर सतरंजी अंथरून ते बसत, चहा घेत आणि कोकणातल्या एकेका गावाचं पाणी कसं होतं ते सांगत. गेल्या उन्हाळ्यात एसटी वाटेत बंद पडली, किटली तापली आणि माझ्या घरी पोहोचेपर्यंत चार मासे मेले. बाकीचे त्यांनी टाकीत सोडले. मेलेले हातात घेऊन ते अंगणात गेले आणि कढीपत्त्याच्या बुडाशी त्यांनी ते पुरले. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की मासेच ते, चाचा दुसरे देतील. ते रागावले नाहीत. हात धुऊन आत आले आणि म्हणाले, "घाटात बी असंच व्हायचं. चूक आपलीच आसती. पर ऱ्हायलेल्यांना चारायला तर न्यावंच लागतं."

त्यानंतर पावसाळ्यात त्यांचे गुडघे अगदीच धरले. उरलेल्या रिक्षा वारूळवाडीत काकडीवर सुखाने आहेत. सासरेबुवा टाकीजवळ खुर्ची टाकून बसतात, पण बाहेर पडणं डॉक्टरांनी बंद केलं आहे. दर रविवारी मात्र न चुकता त्यांचा फोन येतो. माझी ख्यालीखुशाली घाईघाईने विचारून होते आणि मग ते मुद्द्यावर येतात, "पावणं, तुमच्याकडं हिरवं किती आलंय?"

बायको मला रोज म्हणते, ती काच एकदा पुसून टाका, लोक येतात घरी. मी हो म्हणतो. आता आतलं काही दिसत नाही इतकं शेवाळ चढलं आहे. फोनवर मी त्यांना सांगतो, लई आलंय, तुम्ही या फक्त. मग ते म्हणतात, "ऱ्हाऊ द्या तसंच. थंडी सरली की निघतो."